प्रिंटर स्वस्त, पान महाग

दुकानासाठी किंवा घरच्या कामासाठी प्रिंटर घ्यायचा आहे, कोणता घ्यावा, अशी विचारणा आमच्याकडे वरचेवर होत असते. विचारणाऱ्यांत शिकवणी घेणाऱ्या आपा असतात, ट्रॅव्हल्सवाले असतात, यंत्रमागाच्या कारखान्यातले मुनीम असतात आणि फॉर्म भरून देण्याचे दुकान थाटणारे तरुण तर फारच. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "कितीला पडेल?" आमच्या मते चूक येथूनच सुरू होते. प्रिंटर कितीला पडेल याआधी एक पान कितीला पडेल, हे विचारायला हवे.

भिवंडीतील एका होतकरू तरुणाची हकीकत सांगतो. आखातात नोकरीला असलेल्या थोरल्या भावाने पाठवलेल्या पैशातून त्याने २०२३ साली शाळेजवळ एक लहानसा गाळा भाड्याने घेतला. संगणक जुना मिळाला आणि प्रिंटर दुकानदाराने दाखवला त्यातला सर्वांत स्वस्त घेतला. जून महिना, प्रवेशाचे दिवस. दाखले, फॉर्म, हमीपत्रे, यांची रीघ लागली. पाच रुपये पान या दराने रोज शंभर पाने सहज निघत. महिनाभराने तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, गल्ला तर रोज भरतो, मग पैसा जातो कुठे?"

आम्ही त्याच्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याच्या काळ्या कार्ट्रिजची किंमत सातशे रुपये आणि खोक्यावर लिहिलेली पाने १२०. म्हणजे शाईच पानामागे पावणेसहा रुपयांच्या वर गेली. पाचशे कागदांचे रीम तीनशे रुपयांना धरले तर कागदाचे साठ पैसे. म्हणजे सुमारे साडेसहा रुपयांना पडलेले पान तो पाच रुपयांना विकत होता, आणि गिऱ्हाईक जितके जास्त तितका तोटा जास्त. भाडे आणि वीजबिल तर आम्ही धरलेच नव्हते. मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. भावाला काय सांगू, एवढेच त्याने विचारले.

यात त्याचा दोष आम्ही मानत नाही. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि कमाई शाईवर करायची, हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. म्हणूनच कार्ट्रिजवर चालणारे यंत्र कधी कधी त्याच्या दोन-चार कार्ट्रिजच्या किमतीत मिळते. यंत्रासोबत आलेली कार्ट्रिज बहुधा कमी भरलेली असते. बाहेरची शाई वापरावी तर काही यंत्रे परकी कार्ट्रिज ओळखून कामच थांबवतात. शिवाय खोक्यावरची पाने ठरावीक नमुन्याच्या पानांवर मोजलेली असतात. पूर्वी तर पानाच्या सुमारे पाच टक्के जागेवरच शाई लागेल, असे धरून आकडा सांगत. चौकटींनी भरलेला, वर काळा पट्टा असलेला फॉर्म छापला की तो आकडा झपाट्याने खाली येतो.

मग घ्यावे काय? ज्याला रंगीत काम आहे आणि यंत्र रोज चालणार आहे, त्याने शाईच्या टाकीचा, म्हणजे इंक टँक प्रिंटर घ्यावा. एप्सन कंपनीने २०१० साली इंडोनेशियात हा प्रकार आणला. तेथे लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्त शाई वापरत होते, तेच कंपनीने स्वतः करून विकले. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर हेही त्याच वाटेने आले. यंत्र महाग पडते, पण पावणेचारशेच्या काळ्या बाटलीत ४५०० पाने निघाली तर शाई पानामागे आठ-नऊ पैशांवर येते. पहिल्या बाटलीतली काही शाई नळ्या भरण्यातच जाते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

या यंत्राची दोन दुखणी आहेत. ते पडून राहिले की हेडमध्ये शाई वाळते. म्हणून काम नसले तरी आठवड्यातून एक रंगीत पान काढावे. दुसरे म्हणजे हेड साफ करताना वाया जाणारी शाई आत एका पॅडमध्ये मुरते. ते भरले की यंत्र थांबते आणि गिऱ्हाईक दारात उभे राहते. या पॅडचा खर्च किती आणि ते कोठे बदलून मिळते, हे खरेदीच्या दिवशीच विचारून घ्यावे. शाईचेही पाहावे. काही यंत्रांत काळी शाई पिगमेंटची असते, ती पाण्याला बऱ्यापैकी टिकते. काहींत चारही रंग डायचे असतात. पावसात भिजलेल्या पिशवीतून काढलेल्या प्रतिज्ञापत्रावरची अक्षरे पसरलेली आम्ही पाहिली आहेत. कागदपत्रांचा धंदा करणाऱ्याने हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

केवळ काळे काम असेल, बिले, पत्रे, प्रश्नपत्रिका, फॉर्म, तर आमचा कौल लेझरला. महिनाभर बंद राहिला तरी त्याचे काही वाळत नाही, अक्षर ठसठशीत येते आणि पाण्याने पुसत नाही. १५०० पानांचे अस्सल कार्ट्रिज साडेचार हजारांना पडले तर पान तीन रुपयांना जाते, हे खरे. पण बाजारात रिफिलवाले जागोजागी आहेत, आणि तीनशे रुपयांत पावडर भरून घेतली तर तेच पान वीस पैशांवर येते. रिफिल करताना साचलेली वाया पावडर काढायला लावावी. ड्रमवर रेघ पडली की कंजुषी न करता तो बदलावा. ज्या मॉडेलचे कार्ट्रिज तुमच्या गावातला माणूस भरू शकतो, तेच मॉडेल घ्यावे. एचपीचा १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० ही जुनी यंत्रे याच गुणावर वर्षानुवर्षे दुकानांत टिकली. मात्र त्यांना संगणक लागतो, मोबाईलवरून सरळ छापता येत नाही. अलीकडे पावडर वरून ओतायचे लेझरही निघाले आहेत. रोजचे काम भरपूर असेल तर त्यांचा विचार जरूर करावा.

वीज वारंवार जाते तेथे लेझर लहान इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या यूपीएसवर लावू नये. पावडर वितळवायला तो एकदम कित्येकशे वॅट ओढतो. टाकीचा प्रिंटर दहा-पंधरा वॅटमध्ये भागवतो.

ट्रान्सपोर्टवाल्या बांधवांना एक सांगणे. तुमचा खडखड करणारा डॉट मॅट्रिक्स कोणी जुनाट म्हणून हसले तरी भंगारात देऊ नका. बिल्टीच्या तीन-चार कार्बन प्रती एका फटक्यात त्याच्याशिवाय कोणी काढत नाही. मालाच्या जीएसटी बिलाच्याही तीन प्रती लागतात, एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. याउलट थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत फिकी पडते. तिच्यावर उधारीचा हिशेब ठेवू नये.

घरी महिन्याला दहा-वीस पाने लागत असतील तर आमचे मत स्पष्ट आहे, प्रिंटर घेऊच नये. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाच रुपये द्यावेत. मुलांच्या प्रोजेक्टच्या हट्टापायी घेतलेली आणि आता कपाटावर धूळ खात असलेली यंत्रे किती घरांत आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे. आमच्या स्वतःच्या घरीही एक आहे.

खरेदी करताना पक्के बिल घ्यावे. हमी बहुधा एक वर्ष किंवा ठरावीक पाने, यांपैकी जे आधी होईल तेथवर असते. हा पानांचा आकडा दुकानदार आपणहून सांगत नाही. पावसाळ्यात रीम उघडे ठेवू नये. ओलावा धरलेला कागद लेझरमध्ये हमखास अडकतो.

त्या तरुणाने तो प्रिंटर मिळेल त्या किमतीला काढला आणि एक जुना लेझर घेतला. कार्ट्रिज तो आता स्वतःच भरतो. रंगीत फोटोचे गिऱ्हाईक अजून समोरच्या दुकानात पाठवतो. त्याची टाकीची मशीन बहुधा पुढच्या प्रवेशाच्या दिवसांत येईल.