गिऱ्हाईक, माल आणि उधारी : संगणकातील वहीचा घाट कसा असावा?

जामनेरच्या बाजारात पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर, नेरी अशा गावांतून गिऱ्हाईक येतो, माल नेतो आणि कपाशी विकली की पैसे आणून देतो. हा व्यवहार विश्वासावर चालतो हे खरे. पण विश्वास टिकतो तो चोख नोंदीवर. आता आपले अनेक व्यापारी बांधव वही सोडून संगणकावर नोंदी ठेवू लागले आहेत. अशा वेळी नोंदींचा घाट कसा असावा, हे संगणकवाल्यावर सोपवून चालणार नाही. तो आपल्या सोयीचा घाट ठरवील. गिऱ्हाईक कसा वागतो, हे दुकानदारालाच ठाऊक असते.

घाट तीन प्रकारचे. पहिला म्हणजे एकच लांबलचक तक्ता. प्रत्येक ओळीत नाव, गाव, फोन, वस्तू, दर आणि रक्कम. सुरुवातीला हे सोपे वाटते. पुढे एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते. फोन बदलला की चाळीस ओळी दुरुस्त कराव्या लागतात आणि त्यातल्या दोन राहून जातात.

दुसरा घाट आपल्या जुन्या खतावणीचा. एका गिऱ्हाईकाचे एक पान आणि त्यावर त्याची सगळी खरेदी. कोणाकडे किती बाकी, हे यात चटकन कळते. पण प्रश्न मालाच्या बाजूने आला की ही वही मुकी होते. समजा, एका खेपेतील पंखे सदोष निघाले. ते कोणाकोणाला विकले, हे शोधायला सगळी पाने चाळावी लागतात.

मोठमोठ्या कंपन्यांनाही ही अडचण आली होती. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अपोलो मोहिमेतील सुट्या भागांच्या नोंदीसाठी जी प्रणाली उभारली, ती अशीच झाडाच्या फांद्यांसारखी होती. त्याच कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली तिसरा मार्ग मांडला : प्रत्येक गोष्टीचा वेगळा तक्ता करा आणि हे तक्ते एकमेकांशी क्रमांकाने जोडा. आज बहुतेक हिशोबी कार्यक्रम याच घाटाचे आहेत. या घाटाची 'एसक्यूलाईट' ही मोफत प्रणाली तर आपल्या मोबाईलमध्ये आधीपासूनच असते.

आमचे मत या तिसऱ्या घाटाच्या बाजूने आहे. खाती, माल, बिले, बिलातील ओळी आणि जमा असे पाच तक्ते पुरेत. एका बिलात चार वस्तू असतात, म्हणून बिल वेगळे आणि त्याच्या ओळी वेगळ्या. मात्र आपल्या बाजाराची रीत पाहून चार गोष्टी सांभाळाव्या लागतील.

एक, खात्याला दुकानाचा स्वतःचा क्रमांक द्यावा. शेख आडनावाचे आणि एकाच नावाचे तीन गिऱ्हाईक एकाच गावात निघतात. फोन नंबरवर भिस्त ठेवू नये. तो बदलतो आणि घरात एकच फोन चौघे वापरतात. दोन, खाते बापाच्या नावाचे असते, माल मुलगा नेतो आणि पैसे भाऊ देतो. म्हणून माल कोणी नेला, हे बिलावर वेगळे नोंदवावे. तीन, विकतेवेळचा दर बिलाच्या ओळीतच लिहून ठेवावा. मालाच्या तक्त्यातला दर उद्या वाढला, तर जुनी बिले आपोआप फुगता कामा नयेत. चार, गिऱ्हाईक पाचशे रुपये ठेवून जातो तेव्हा ते कोणत्या बिलाचे, हे सांगत नाही. म्हणून जमा खात्यावर धरावी, बिलावर नव्हे.

वेल्डिंगवाले, शिंपी, फर्निचर बनवणारे कारागीर म्हणतील, आमचा माल ठरलेला नसतो. त्यांनी मालाच्या तक्त्यात फक्त प्रकार ठेवावेत, जसे जाळी, दरवाजा, कपाट. माप आणि मजुरी बिलाच्या ओळीत लिहावी. ज्यांची विक्री रोखीची आणि किरकोळ आहे, किंवा ज्यांची उधारीची खाती पंचवीस-तीसच आहेत, त्यांनी या भानगडीत पडू नये. त्यांना वही पुरते.

हा सारा खटाटोप केवळ सोयीसाठी नाही. मुदत न ठरवता उधार दिलेल्या मालाच्या पैशांसाठी माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात संगणकावरील हिशोबाच्या नोंदी ग्राह्य आहेत. पण केवळ त्या नोंदीवर कोणाच्या अंगावर देणे लादता येत नाही. तेव्हा मोठ्या उधारीच्या बिलावर नेणाऱ्याची सही घ्यावीच. दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकरामधील २८२ वी आयत ही सर्वांत मोठी आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल व साक्षीदार घेण्याबद्दल आहे. जी गोष्ट आज वकील सांगतो, ती आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितली गेली आहे.

जकातीचेही तसेच. वर्ष पूर्ण होते त्या दिवशी दुकानात माल किती आणि येणे किती, हे कळल्याशिवाय अडीच टक्क्यांचा हिशोब अंदाजाचाच राहतो. कोणती उधारी धरायची हे उलेमांना विचारता येईल; पण उधारी किती, हे आपल्याच तक्त्यांनी सांगायला हवे.

म्हणून आमची सूचना अशी की, कार्यक्रम विकत घेण्यापूर्वी हे पाच तक्ते कागदावर आखावेत आणि मागच्या हंगामातील दहा बिले त्यांत भरून पाहावीत. कोणाकडे किती बाकी, कोणती वस्तू कोणी नेली आणि आज एकूण येणे किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर घाट बरोबर आहे. नोंदींची एक प्रत दर आठवड्याला घरीही ठेवावी. शरीयतनुसार मयताचे देणे आधी फेडायचे आणि मगच वारसांत वाटणी करायची असते. दुकानदाराने डोळे मिटल्यावर त्याचे देणे-घेणे त्याच्या मुलांना वाचता आले पाहिजे. फक्त त्याच्या डोक्यात राहिलेला हिशोब त्याच्याबरोबरच जातो, आणि मागे उरतात ते भाऊबंदांचे आणि गिऱ्हाईकांचे तंटे.