तारेची पारख

मागील महिन्यात पेढीवर बसलो असता पुतण्याने एक कागद पुढे सरकवला. परराज्यातील एका भुयारी रेल्वेच्या कामासाठी उपठेकेदाराने केबलची मागणी नोंदविली होती. “काका, कागदावर ‘हॅलोजनमुक्त’ असे लिहिले आहे. पण ठेकेदार म्हणतात, एफआरएलएस पाठवा, भावात परवडेल. भिंतीआड गेल्यावर कोण पाहतो?” उत्तर एका शब्दात देता आले असते, परंतु कारण न सांगता दिलेला नकार तरुण मनात टिकत नाही. म्हणून त्याला जे सांगितले, तेच येथे मांडतो. विद्युतसाहित्याच्या व्यापारात आपली अनेक घराणी आहेत. त्यांच्या नव्या पिढीस ते उपयोगी पडावे.

बंदिस्त जागेतील आगीत ज्वाळेपेक्षा धूर अधिक घातक ठरतो. 18 फेब्रुवारी 2003 रोजी दक्षिण कोरियातील देगू शहराच्या भुयारी रेल्वेत एका माणसाने आग लावली आणि 192 जणांचे प्राण गेले. डब्यांतील जळणाऱ्या साहित्याचा विषारी धूर हे त्या हानीचे एक मोठे कारण होते. 12 जानेवारी 2015 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात तर कोणी आग लावलीही नव्हती. वीजपुरवठ्याच्या केबलजोडणीत शॉर्ट सर्किट झाले, बोगदा धुराने भरला, गाडी त्यातच अडकली. एक महिला दगावली आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. पुढे मार्च 2016 मध्ये तेथेच पुन्हा केबलला आग लागली, तेव्हा संपूर्ण भुयारी रेल्वे एक दिवस बंद ठेवून सुमारे 600 केबल तपासण्यात आल्या. 26 ठिकाणी दोष आढळले. राजधानीचे शहर एका दिवसासाठी थांबले, ते केबलच्या काही तुकड्यांमुळे.

आता साहित्याविषयी. आपण नित्य विकतो ते पीव्हीसी वाईट नव्हे; स्वस्त, लवचीक आणि घरगुती कामास योग्य असे ते आहे. परंतु मूळ पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. ते जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि डोळ्यांतील व श्वासनलिकेतील ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते. माणसाला दार दिसत नाही, आणि दिसले तरी श्वास घेता येत नाही. हॅलोजनमुक्त आवरणात क्लोरीन नसते. त्यात ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची भुकटी मिसळलेली असते. तापल्यावर ती पाण्याची वाफ सोडते आणि आगीचा जोर कमी करते.

येथेच गल्लत होते. एफआरएलएस म्हणजे कमी धुराचे असले, तरी ते पीव्हीसीच होय. त्यातून निघणाऱ्या आम्लवायूची मर्यादा साधारण 20 टक्के धरली जाते. हॅलोजनमुक्त केबलसाठी ती अर्धा टक्का आहे. धुराच्या चाचणीत तीन मीटर लांब-रुंद-उंच अशा बंद खोलीत केबल जाळतात आणि तिच्यातून पलीकडे प्रकाश किती पोहोचतो ते मोजतात. हॅलोजनमुक्त केबलमध्ये तो सामान्यतः किमान 60 टक्के पोहोचावा लागतो. आणीबाणीचे दिवे, धूर बाहेर काढणारे पंखे आणि ध्वनिक्षेपक यांच्यासाठी तर अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली, आगीतही काही काळ वीज वाहून नेणारी निराळी केबल लागते. तिची जागा इतर कोणतीही केबल घेऊ शकत नाही.

टिकाऊपणाचा हिशेबही वेगळा आहे. धावत्या डब्यात केबल अहोरात्र हादरे सोसते, म्हणून तेथे जाड एकेरी तारेऐवजी बारीक तारांचा, बहुधा कथिलाचा मुलामा दिलेला तांब्याचा वाहक घेतात. तेल, उष्णता आणि उंदीर यांचाही विचार करावा लागतो. हॅलोजनमुक्त आवरण पीव्हीसीपेक्षा पाणी अधिक शोषते. म्हणून ओलसर जागी केवळ नाव पाहून ते निवडू नये, त्या जागेस अनुरूप रचना मागावी. आणि वॉशिंग्टनचा धडा विसरू नये : केबल उत्तम असली तरी जोडणी कच्ची असेल, तर सारे व्यर्थ.

विक्रेत्याने काय करावे? कागदावरील मानक आणि केबलवरील छपाई यांचा मेळ घालावा. ड्रमचा बॅच क्रमांक आणि चाचणी प्रमाणपत्रावरील क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. तांबे कमी घालणे ही बाजारातील जुनी लबाडी आहे. तिच्यासाठी वाहकाचा रोध मोजून घ्यावा. प्रत्येक ड्रमचा हातभर तुकडा खूण करून जपून ठेवावा. बदल सुचविला गेला, तर तो प्रकल्पाच्या अभियंत्याच्या लेखी संमतीवाचून स्वीकारू नये.

मुंबईत आरे ते कफ परेड ही मेट्रो आता बहुतांश भुयारातून धावते आणि तिचे काळबादेवी स्थानक लोहार चाळीच्या विद्युतबाजारापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे. जे लोक दिवसभर केबल विकतात, तेच संध्याकाळी जमिनीखाली उतरून घरी जातात. “भिंतीआड कोण पाहतो” असे म्हणणाऱ्याने त्या जिन्यावर क्षणभर थांबून पाहावे.

पुतण्याने उपठेकेदाराला लेखी कळविले : हॅलोजनमुक्तचा भाव हा, प्रमाणपत्रासह, दुसरा माल या कामासाठी आमच्याकडून मिळणार नाही. ती मागणी आमच्याकडून गेली. त्या महिन्याच्या वहीत तेवढी रक्कम कमी पडली. मात्र त्या पत्राची प्रत त्याने स्वतःच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावली आहे, हे मी पाहिले आणि काही बोललो नाही.