हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे

वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे कोलमडली किंवा आल्याला कंदकूज लागली, की दुकानदार बुरशीनाशकाचा पुडा पुढे करतो. पण ते औषध पाण्यात कालवते कोण? रोपांच्या मुळ्या त्यात बुडवते कोण? आल्या-हळदीचे बेणे त्या पाण्यातून बाहेर काढते कोण? बहुतेक ठिकाणी रोजाने गेलेली आपलीच मायबहीण, आणि तीही उघड्या हातांनी. म्हणून भाजीच्या मुळांचा रोग हा नुसता शेतकऱ्याचा प्रश्न नाही. तो आपल्या घरच्या आरोग्याचा प्रश्न आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधाच्या पुड्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा. पुष्कळ बुरशीनाशकांवर हिरवा असतो आणि मुकादम सांगतो, "हिरवं आहे, काही होत नाही." हा रंग फक्त एवढेच सांगतो, की ते पोटात किंवा अंगावर गेल्यास लगेच जीव जाण्याचा धोका किती आहे. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेले तर काय होईल, हे त्या रंगावरून कळत नाही. मॅन्कोझेबपासून तयार होणारा एक घटक थायरॉईड ग्रंथीवर परिणाम करतो. युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याची परवानगी काढून घेतली. कार्बेन्डाझिम तिथे गर्भाला आणि प्रजननाला घातक म्हणून नोंदलेले आहे. भारतातही 2020 साली केंद्र सरकारने ज्या 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ही दोन्ही होती आणि कॅप्टन, थायरमही होते. तरीही ती विकली जात राहिली. थायरमची आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषांना सांगा. ते हाताळून आल्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते, चक्कर येते.

मग उपाय काय? मुळे कुजवणाऱ्या बुरशीला खाणारी दुसरी बुरशी आहे, ट्रायकोडर्मा. आपल्याकडची कृषी विद्यापीठे आणि कितीतरी कृषी विज्ञान केंद्रे ती तयार करतात. एक किलो पावडर शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर ठेवून सावलीत आठवडाभर झाका, तीन-चार दिवसांनी हलवा आणि मग जमिनीत घाला. रोपे लावताना लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कालवून मुळ्या दहा मिनिटे बुडवा. दारात डब्यात, गोणीत मिरची लावली असेल तर हेच खत मूठभर पुरते. सोबत निंबोळी पेंड द्या.

खरे औषध मात्र त्याआधीचे आहे. मूळकूज बहुधा साचलेल्या पाण्यातून येते. रोपे गादीवाफ्यावर करा, दाट पेरू नका, डब्याला खाली भोके पाडा. टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा एकाच कुळातली. ती त्याच जागेत पुन्हा पुन्हा लावू नका. एप्रिल-मे महिन्यात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरले, तर उन्हानेच पुष्कळ बुरशी मरते. यात खर्च थोडा, विष शून्य.

जैविक म्हणजे जादू नव्हे, हेही सांगते. कुजून गेलेले रोप ट्रायकोडर्मा उठवून बसवत नाही. ते रोगाआधी वापरायचे असते. जिवाणूमुळे येणारी मर त्याने हटेलच असे नाही. रासायनिक बुरशीनाशकात मिसळले तर तेच मरते. मुदत संपलेला पुडा म्हणजे नुसती भुकटी. आणि ती भुकटीही नाकातोंडात जाऊ देऊ नये. दमा असलेल्यांनी, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांनी तिच्यापासून लांबच राहावे.

काही जण म्हणतील, शेत मालकाचे, औषध मालकाचे, आपण मजूर काय बोलणार? शेत त्याचे असेल, हात आपले आहेत. लावणीला जाताना एकटीने बोलू नका, सगळ्या जणींनी मिळून विचारा. ट्रायकोडर्मा का वापरत नाही? रासायनिकच वापरायचे तर रबरी मोजे, साबण आणि पाणी बांधावर का नाही? जी गरोदर आहे, अंगावर पाजते आहे, तिला त्या कामाला लावू देऊ नका. तिचा रोज बुडता कामा नये, तिला दुसरे काम द्या, असेही ठणकावून सांगा.

औषध अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने भरपूर पाण्यात धुवा. पोटात गेले तर उलटी करायला लावू नका, तडक दवाखाना गाठा. जाताना पुडा सोबत न्या. डॉक्टरांना विषाचे नाव कळले तर उपचाराचा वेळ वाचतो.

भाजी पिकवणाऱ्या हातांना भाजीपेक्षा कमी मोल असू नये. रोपांच्या मुळांची काळजी घेणाऱ्या मालकाने ती लावणारीच्या हातांचीही घ्यावी, इतके मागण्याचा हक्क आपल्याला आहे.