कोंढाण्याच्या लेण्यांना बोलते करा!

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याला, कोंढाणे लेण्यातल्या चैत्यगृहाच्या दाराशी डाव्या हाताला एका मूर्तीचे शिर उरले आहे. माणसाच्या दुपटीएवढे. चेहरा पार गेला आहे, पण शिरोभूषणाचे कोरीवकाम अजून बारीक आणि नेटके आहे. डाव्या खांद्याच्या वर ब्राह्मी लिपीतली एकच ओळ: हे काम कान्हाचा शिष्य बलक याने केले. इतक्या जुन्या कारागिराचे नाव दगडावर सापडणे दुर्मीळ!

हा परिच्छेद कोणी मोठ्याने वाचला, तर अंध माणसाला ते शिर कळणार नाही काय? कळेल. मग दोन हजार वर्षांचा हा वारसा त्याला सांगण्याची जबाबदारी ज्यांची आहे, ते काय करत आहेत?

दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 सालचा. त्याचे 29वे कलम कला दिव्यांगांना सुगम करा म्हणते. 42वे कलम तर ध्वनिवर्णनाचे, म्हणजे दिसणारे शब्दांत ऐकवण्याचे, नावच घेते. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, तीन महिन्यांत बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी बजावले. कोंढाण्याचे मराठी ध्वनिवर्णन पुरातत्त्व खात्यापाशी असेल, तर दाखवा! नसेल, तर इतकी वर्षे झोपला होता काय?

अंध माणूस लेण्यात जाऊन काय पाहणार, असे विचारणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. अनेकांची दृष्टी आयुष्याच्या मध्यावर गेलेली असते. त्यांनी जग पाहिलेले असते. आणि जन्मांधालाही उंची, अंतर, वळण कळते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातले 'अनुभव' दालन याचा पुरावा आहे: चाचपायला प्रतिकृती, सोबत ध्वनिवर्णन. दिल्लीला जमते ते कर्जतला का जमू नये?

पैशाची सबब तर धादांत खोटी. लेणे जाणणारा एक माणूस, चांगले मराठी लिहिणारा एक, वाचणारा एक आणि पहिल्या दिवसापासून सोबत बसणारा अंध श्रोता, एवढ्यावर काम होते. हा श्रोता नसेल तर सगळे फुकट. डोळसांनी लिहून डोळसांनीच वाखाणलेली वर्णने 'सुंदर नक्षी'पाशी थांबतात. सुंदर म्हणजे काय? लेण्यात कोरलेल्या नाचणाऱ्या जोड्या कुठे आहेत, धनुष्य कोणाच्या हातात आहे, कमान डोक्यावर किती उंच आहे, ते सांगा!

खालापुरातही हाच प्रश्न: दिसणारे अंधांना कोण सांगणार? दिवंगत कला दिग्दर्शक नितीन देसाईंनी चौकजवळ उभारलेला स्टुडिओ म्हणजे चित्रपटांच्या भव्य देखाव्यांचे गाव. त्याचा कारभार आता राज्याच्या चित्रनगरी महामंडळाकडे आला आहे. तिथे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायलाही जागा नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी कोंढाण्याचे ध्वनिवर्णन कोणाच्याही फोनवर फुकट ऐकता आले पाहिजे. वाट दाखवणाऱ्या गावच्या तरुणांना वर्णन करायला शिकवा, त्याचे रीतसर मानधन द्या. हे होणार नसेल, तर कलम 29 धाब्यावर बसवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव जाहीर करा.