तांदळाचं गाव बाटलीवर, आपला ऊस मात्र नुसता काट्यावर



या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. ते पुढच्या अंकात लिहितो. या वेळी जरा आडवाटेने जाणार आहे. गळीत हंगाम संपल्यावर रजा काढून मी जपानात कोबे शहरी भाचीकडे जाऊन आलो. “मामा, तुम्हाला काय बघायचंय?” असे तिने विचारले. उंच इमारती बघून माझी मान दुखते. मी म्हटलं, “शेतमालावर चालणारा एखादा कारखाना दाखव.” त्या मुलखात असा कारखाना म्हणजे साकेचा कारखाना. साके म्हणजे तांदळाची दारू. माळकरी सभासदांनी इथेच पान उलटू नये. मी काही पिण्याचे गुणगान करायला बसलेलो नाही. अंगठ्याएवढ्या वाटीने चाखले, तेही जेवताना. परंतु तिथे शेतकरी आणि कारखाना यांचे जे नाते पाहिले, ते मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडक्यात कृती सांगतो. उसात साखर निसर्गानेच भरून ठेवलेली असते; आपण ती काढतो. तांदळात साखर नाही, पिष्ट आहे. ते वाफवलेल्या भातावर कोजी नावाची बुरशी चढवून त्या पिष्टाची साखर करतात, आणि त्याच टाकीत यीस्ट त्या साखरेची दारू करीत असते. दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच भांड्यात. हे जमवायला हाताला सवय लागते. या कोजीच्या विद्येला युनेस्कोने डिसेंबर 2024 मध्ये मानवजातीच्या वारशात नोंदविले. त्यांचा हंगामही आपल्यासारखाच, ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. मी गेलो तेव्हा शेवटच्या टाक्या निघत होत्या. माणसे दमलेली पण मोकळी झालेली, अगदी आपल्याकडे शेवटची मोळी टाकल्यावर असतात तशी.

कोबे आणि निशिनोमिया यांच्या किनाऱ्यावर नादा नावाचा पट्टा आहे. मूळची पाच गावे. 1995 च्या भूकंपात तिथले कितीतरी जुने लाकडी कारखाने पडले, पुन्हा उभे राहिले. तिथली एक हकिगत मला फार आवडली. यामामुरा ताझाएमोन नावाच्या कारखानदाराचे दोन कारखाने होते, एक उओझाकीला, दुसरा निशिनोमियाला. निशिनोमियाचा माल दरवर्षी सरस निघायचा. त्याने दोन्हीकडे तांदूळ सारखा केला, कारागिरांची अदलाबदल केली, तरी फरक तोच. शेवटी 1840 साली निशिनोमियाच्या विहिरीचे पाणी उओझाकीला नेले आणि कोडे सुटले. बघा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारखे ठेवायचे! आपण प्लॉटवर एकाच वर्षी बेणे, खत आणि सरीचे अंतर तिन्ही बदलतो आणि मग चिटबॉयला विचारतो की टनेज कशाने वाढले. त्या पाण्यात लोह अगदी कमी, फॉस्फेट आणि पोटॅश भरपूर. पुढे त्या भागातील विहीरवाल्यांचा पाणी विकण्याचाच धंदा सुरू झाला. आजही त्या विहिरींच्या आसपास मोठे बांधकाम करायचे तर आधी साके कारखानदारांशी बोलावे लागते.

या करकरीत पाण्याच्या साकेबरोबर मला खायला दिले इकानागो कुगिनी. बोटाच्या पेराएवढे बारीक मासे, सोया, आले आणि जाडी साखर घालून आटवलेले. नाव ‘खिळ्यांचे’, कारण शिजल्यावर ते गंजक्या वाकड्या खिळ्यांसारखेच दिसतात. वसंतात तिथल्या बायका घरोघरी किलोकिलोने शिजवतात आणि नातेवाइकांना डबे भरून पाठवतात. आपल्याकडे दिवाळीचा फराळ जातो तसे. अलीकडे हे मासे फार कमी मिळतात, म्हणून डबेही लहान झालेत, असे भाचीच्या शेजारणीने सांगितले. चव गोड-खारट आणि दाट. वर साकेचा एक घोट घेतला की तोंड स्वच्छ होते, पुन्हा मासा खावासा वाटतो. साके गाळून उरलेला चोथाही वाया जात नाही. त्यात काकडीच्या जातीची फळे मुरवून तपकिरी लोणचे करतात. मुळा, गाजर, मासा घालून पांढरे दाट सूप करतात. थंडीत ते सूप म्हणजे आपल्या हुलग्याच्या माडग्यासारखे, पोटात ऊब देणारे. आपला कारखाना बगॅसवर वीज करतो, प्रेसमडचे खत करतो, त्याचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण चोथ्याला ताटात जागा देणारी ही मंडळी मला एक पाऊल पुढची वाटली.

दुसऱ्या दिवशी क्योतोजवळ फुशिमीला गेलो. तिथले पाणी मऊ, म्हणून साकेही मऊ. सोबत नुसत्या गरम पाण्यातले टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर. मला वाटले हे काय जेवण? तर तोच टोफू त्या मऊ साकेबरोबर गोड लागला. नादाची साके मागवून त्याच्याबरोबर घेऊन पाहिली, तर टोफूची चव पार दबून गेली. हे मी मुद्दाम करून पाहिले. वाढणारीण बाई हसत होती. एक उणेही सांगतो. तांदळाचा दाणा निम्म्याहून जास्त घासून काढून केलेली महाग, सुवासिक साकेही चाखली. एकटी छान, पण जेवणाबरोबर अत्तर लावून आल्यासारखी. त्यापेक्षा साधी, थोडी कोमट केलेली साके मला उजवी वाटली. आणि घासून काढलेल्या तांदळाच्या पिठाच्या कुरकुरीत चकत्या करतात हे कळेपर्यंत, खरे सांगायचे तर, शेतकरी म्हणून जीव तुटत होता.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. नादाच्या डोंगरामागे योकावा आणि तोजो नावाची गावे आहेत. भाचीच्या घरातून गाडीने तासाभरात पोहोचलो. भात लावायला अजून दोन महिने होते, खाचरे मोकळी. चिकण माती, डोंगराच्या आडोशाने दिवसा-रात्रीच्या तापमानात मोठा फरक. इथे यामादा निशिकी हे साकेचे भात होते. 1923 साली संकर केला, 1936 साली नाव दिले. उंच वाढते, लोळते, करपा पडतो, उत्पन्न खाण्याच्या भातापेक्षा कमी. आपल्या जुन्या सभासदांना को.सी. 671 आठवेल: उतारा सोन्यासारखा, पण टनेज आणि रोग यांचे रडगाणे. फरक असा की आपण उतारा देणारे वाण सोडून टनेजकडे गेलो. ते लोक नव्वद वर्षे त्या लोळणाऱ्या भाताला सांभाळून आहेत. बेणे दरवर्षी सरकारी प्रक्षेत्रातून शुद्ध करून सहकारी संस्थेमार्फत मिळते. त्या संपूर्ण देशातल्या यामादा निशिकीपैकी निम्म्याहून अधिक एकट्या ह्योगो प्रांतात होतो.

मग ते टिकले कशामुळे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नादाच्या एकेका कारखान्याने एकेक गाव बांधून घेतले. या पद्धतीला ते ‘मुरामाई’, म्हणजे गावाचा तांदूळ म्हणतात. त्या गावाचा तांदूळ त्या कारखान्याला. पिकाला तोटा झाला तर कारखाना मदतीला, कारखाना अडचणीत आला तर गाव पाठीशी. रस्त्याकडेला कारखान्याच्या नावाचे फलक अजून दिसतात. दुकानात बाटली हातात घेतली तर तिच्यावर वाणाचे नाव, दाणा किती घासला त्याची टक्केवारी, आणि काहींवर चक्क योकावा किंवा तोजो या गावांची नावे. तांदळाची तपासणी होते, पाच प्रती आहेत. वरची प्रत, वरचा भाव. शेजाऱ्याचा दाणा फुटका निघाला म्हणून आपला भाव खाली येत नाही.

आणि आपल्याकडे? 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी ठरवली. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. पण तो उतारा कुणाचा? कारखान्याचा सरासरी. एक सभासद पक्व ऊस, बुडख्यापासून तोडून, पाचट-वाढे काढून, चोवीस तासांत गव्हाणीत आणतो. दुसरा नऊ-दहा महिन्यांचा कोवळा ऊस वशिल्याने लवकर तोडून घेतो. तिसऱ्याचा तीन दिवस बांधावर वाळतो. तिघांनाही टनाला एकच दर. मी हे वीस वर्षे पाहतो आहे आणि शेतावर जाऊन ‘उतारा वाढवा’ असे भाषण करतो आहे. ज्याने वाढवला त्याच्या पदरात वेगळे काय पडते, असे कोणी उठून विचारले तर माझ्याकडे उत्तर नसते.

एका गोष्टीत मात्र आपण त्यांच्याकडे बोट दाखवू शकत नाही, कारण तीही आपल्याच घरची आहे. नादाचे जुने कारागीर कुठले? ताम्बा नावाच्या डोंगराळ मुलखातले शेतकरी. थंडीत शेत बंद, म्हणून कारखान्यावर कामाला यायचे. त्याला ‘शंभर दिवसांची कमाई’ म्हणत. बायकामुले मागे, स्वतः कारखान्यात मुक्काम. हे ऐकताना मला आपल्या बीड-पाथर्डीकडच्या टोळ्याच डोळ्यांसमोर आल्या. पण तिथे त्या शंभर दिवसांतून माणूस वर चढत गेला. पाणी वाहणारा पोरगा पुढे कोजीवाला झाला, त्यातून मुख्य कारागीर झाला, आणि मालकही त्याला विचारल्याशिवाय टाकी उघडत नसे. आज ती जुनी पद्धत जवळजवळ संपली आहे; कारखाने कायम नोकर ठेवतात. आपल्या टोळीतला माणूस पंचवीस हंगाम कोयता चालवतो आणि पंचविसाव्या वर्षीही कोयत्यावरच असतो. यावर स्वतंत्र लिहायला हवे.

मोलॅसिसची गोष्ट सांगतो म्हणालो होतो. महायुद्धानंतर जपानात तांदूळ नव्हता. तेव्हा साकेत बाहेरचे अल्कोहोल, साखर वगैरे घालून एकाची तीनपट साके करू लागले. टंचाई संपली तरी सवय गेली नाही, कारण स्वस्त पडत होते. हे अल्कोहोल बहुतांशी उसाच्या मोलॅसिसपासूनच होते. आजही काही प्रकारांत ते ठराविक मर्यादेत घालतात. 1973 साली तिथे साके विकली गेली सुमारे 17 लाख किलोलिटर. आज हा आकडा चार लाखांच्या आसपास आला आहे. बिअर, वाईन आली हे खरेच, पण तीनपट पातळ केलेल्या साकेने स्वतःची पत घालवली हेही तिथले लोक कबूल करतात. 2006 साली कायदा बदलून त्या तीनपट मालाचे ‘साके’ हे नावच काढून घेतले. जे छोटे कारखाने तगले, ते बहुधा गावचा तांदूळ, गावचे पाणी आणि गावचे जेवण धरून राहिले म्हणून.

याचा अर्थ तिथे सारे आबादीआबाद आहे असा नव्हे. 2025 साली तिथे खाण्याच्या तांदळाचा भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाला. लगेच शेतकऱ्यांनी हिशेब केला. लोळणारे, नाजूक भात सांभाळण्यापेक्षा खाण्याचे लावलेले काय वाईट? साकेवाल्यांची धांदल उडाली. शंभर वर्षांचे नातेही भाव उलटला की ताणते. आपल्याकडे तर शेजारचा कारखाना शंभर रुपये जास्त देतो म्हटल्यावर रातोरात ट्रॅक्टर वळतात. नोंद आपल्याकडे आणि ऊस तिकडे. त्याला मी सभासदाची बेइमानी म्हणायला तयार नाही. ज्या सभासदाला आपण वजनापलीकडे ओळखतच नाही, त्याने वजनाचाच विचार करावा हे साहजिक आहे.

परतीच्या आधी हिरोशिमाजवळच्या साइजो गावी एक दिवस काढला. लाल विटांची धुराडी, पांढऱ्या भिंती, एका रस्त्यावर ओळीने कारखाने. त्या भागात पाणी इतके मऊ की नादाची रीत तिथे चालेना. मिउरा सेन्झाबुरो याने मऊ पाण्याची वेगळी रीत बसवून 1898 साली ती छापून सर्वांना खुली केली, आणि 1907 च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाने पहिले दोन्ही क्रमांक नेले. तिथे दुपारी जेवलो ते कामगारांचे जेवण. मांस आणि भाज्या, त्यात पाणी नाही, साके ओतून शिजवलेल्या. मसाला म्हणून फक्त मीठ-मिरी. कपडे भिजलेल्या कामगारांनी एकाच भांड्यात हात घालून खायचे, अशी त्याची सुरुवात. दारू उडून जाते, गोडवा राहतो. माझा ग्लास मी भरू लागलो तर भाची म्हणाली, “मामा, इथं आपला ग्लास आपण भरायचा नाही. समोरच्याचा भरायचा.”

माझी सूचना लहान आहे. येत्या हंगामात एका गटात, ज्यांची इच्छा आहे अशा सभासदांच्या प्लॉटचा ब्रिक्स तोडणीआधी हँड रिफ्रॅक्टोमीटरने सभासदासमोर घ्यावा, तोडणीचा क्रम त्यावर लावावा, आणि गावाप्रमाणे यादी गट ऑफिसच्या फळ्यावर खडूने लिहावी. पैशाचा फरक पहिल्या वर्षी नको. त्यावर भांडणे होतील, आणि काट्याविषयीची कुजबुज कोणत्या कार्यक्षेत्रात नाही? आधी आकडे डोळ्यांनी दिसू द्यात. खाते यासाठी वेगळा माणूस देणार नाही हे मला ठाऊक आहे. मी आणि दोन चिटबॉय मिळून सकाळी सहा ते नऊ करू. तयार असलेल्यांनी आपले नाव, गट नंबर व लागणीची तारीख दसऱ्यापूर्वी गट ऑफिसात द्यावी. आडसालीवाल्यांनी आधी द्यावी.