कुरण राखायचे तर पशुपालक हवेत

गवताळ प्रदेश वाचवायचा तर आधी गुरे हटवा, हा निसर्गसंरक्षकांचा जुना आग्रह. अमेरिकेत ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमाभागातील पशुपालकांनी १९९४ मध्ये ‘मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप’ स्थापन करून त्याला कृतीनेच उत्तर दिले. सुमारे ८ लाख एकरांच्या या मुलखावर दोन मोठी संकटे होती: जमिनीचे प्लॉट पडणे आणि वणवे सतत विझवल्यामुळे गवतात झुडपे माजणे. पशुपालकांनी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन ठरवून आगी लावल्या. दुष्काळात शेजारच्या विस्तीर्ण कुरणावर गुरे चारायची आणि त्या चाऱ्याच्या मोलाइतके आपल्या जमिनीचे विकासहक्क कायमचे सोडायचे, ही त्यांची ‘गवतपेढी’ मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात पोटही सांभाळले जाते आणि कुरणही.

अतिचराईने माळ उजाड होतात, हा आक्षेप खराच आहे. पण चराईची वेळ आणि गुरांची संख्या पाळायची, तर रोज रानात असणाऱ्या माणसाचा सहभाग हवाच. आपल्या सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानांवरही लांडगा आणि धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच भूमीवर वावरत आली आहेत. तिथले चराईचे नियम धनगरांसोबत बसून ठरवावेत, लांडग्याने मारलेल्या मेंढीची भरपाई वेळेत द्यावी आणि ओसाड समजून माळावर झाडे लावणे वनखात्याने थांबवावे.