पुन्हा त्याच बेटावर

विद्यार्थी मित्रहो, आपला आदिलाबाद जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर. तथापि सहलीचा विषय निघाला, की वर्गातील निम्मे हात समुद्रासाठी वर होतात. आम्ही तर जन्माने कोकणी. दर्याची ओढ आम्हांस उपजतच. म्हणून २०२५ च्या संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब अंदमानास गेलो. ही आमची दुसरी खेप. पहिली २००९ साली, महाविद्यालयात शिकत असताना झाली होती.

पहिल्या खेपेचे चित्र आम्ही सोळा वर्षे मनात जपले होते आणि जपता जपता नकळत त्यावर रंगही चढवीत आलो होतो. त्या चित्रात राधानगरचा किनारा शांत होता, काचेच्या तळाच्या होडीखाली रंगीबेरंगी प्रवाळ होते. या खेपेस किनाऱ्यावर माणसांची रीघ होती आणि होडीखाली करडे तुकडेच फार दिसले. नावेदेखील पालटलेली. हॅवलॉक २०१८ साली स्वराज द्वीप झाले, तर पोर्ट ब्लेअर २०२४ साली श्री विजयपुरम. आम्ही पावलोपावली ‘पूर्वी असे नव्हते’ हेच पालुपद आळवू लागलो. अखेर, एक निळा मासा पाहून टाळ्या पिटणारा आमचा सात वर्षांचा मुलगा मध्येच थांबला आणि म्हणाला, “बाबा, मग हे चांगले नाही का?”

त्या प्रश्नाने आम्ही वरमलो. त्याची ती पहिलीच खेप होती आणि आमच्या जुन्या चित्रापायी आम्ही त्याचे नवे चित्र पुसून टाकीत होतो.

वस्तुतः बेटाने आम्हांस कोणते वचन दिले होते? २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने व त्सुनामीने तेथील भूमीच हलविली. उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला, दक्षिणेकडील भाग खचला. म्हणजे २००९ साली आम्ही ज्याला ‘मूळचे’ अंदमान समजलो, तेही पालटलेलेच होते! आपल्या कुंटाला धबधब्याचेच पाहा. श्रावणात त्याचा घनगंभीर नाद ऐकून आलेला मनुष्य वैशाखात गेला आणि बारीक धार पाहून रुसला, तर दोष कडेम नदीचा की त्याचा?

यावर कोणी म्हणेल, तर मग अपेक्षाच ठेवू नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. शिवाय प्रत्येक बदल मुकाट्याने गोड मानावा, असेही नव्हे. प्रवाळाच्या देहात सूक्ष्म शेवाळ राहते. त्याचे बहुतेक अन्न आणि रंग त्या शेवाळापासून येतात. पाणी फार काळ तापलेले राहिले, की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. समुद्र तापण्यास मनुष्याचा धूर कारणीभूत आहे. अशा बदलाचे दुःख अवश्य करावे. परंतु आपली करमणूक हुकली म्हणून नव्हे, तर त्या जीवांसाठी. पहिले दुःख माणसाला चिडखोर करते, दुसरे जबाबदार.

पुन्हा कसे जावे, हे शिकण्यास दूर जावयास नको. केसलापूरच्या नागोबास मेस्राम कुळातील गोंड बांधव दर पौष अमावास्येस येतात. गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, नव्या सुनांची देवाशी भेट घडवितात. २०२२ साली तेथे नवे देऊळ झाले, तरी त्यांची ओढ तीच. कारण ते गतवर्षीचा आनंद परत मागावयास येत नाहीत; भेटीस येतात. आप्ताच्या घरी जाताना आपण त्याचे केस पिकले म्हणून तक्रार करीत नाही, खुशाली विचारतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटीच्या वेळी आम्ही मुलाचे बोट धरून किनाऱ्यावर गेलो. शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे त्याने आम्हांस दाखविले. २००९ साली ते तेथे असलेच पाहिजेत. आम्हीच पाहिले नव्हते.

मित्रहो, तुम्ही पुढेमागे एखाद्या आवडत्या स्थळी पुन्हा जाल. तेव्हा जुनी आठवण सोबत अवश्य न्या. मात्र ती मोजपट्टी म्हणून वापरू नका. आणि बरोबर कोणी प्रथमच आलेला असेल, तर त्याला आधी पोटभर पाहू द्या.